व्यसनमुक्ती सेंटरवरून घरी आल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने: दारू सोडलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

मी स्वतः पिणं बंद केलेला माणूस आहे, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला बसतो, आणि तिथं नव्याने येणाऱ्यांचं बघून बघून हे लिहायला घेतलंय. सोडायची इच्छाच नाही असे लोक फार कमी असतात, बहुतेकांचा क्रम चुकतो. सेंटरवरून आला की पहिल्याच आठवड्यात माणूस उधाऱ्या फेडायला निघतो, पाहुण्यारावळ्यांत जाऊन आता मी सुधरलो म्हणून सांगतो, मित्राच्या लग्नात "मी नुसता जेवून येतो" म्हणून जाऊन बसतो. आणि जे आधी लावून घ्यायला पाहिजे, म्हणजे झोप, जेवण, गोळ्या, संध्याकाळचा वेळ, खिशातला पैसा, ते सगळं तसंच राहतं. मग महिन्या-दोन महिन्यांत परत सुरू, आणि घरचे म्हणतात सेंटरचा पैसा पाण्यात गेला.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पुढचा टप्पा सोपा वाटला म्हणून मागचा सोडू नका.

टप्पा १. अजून पिणं चालू असेल तर आधी डॉक्टर

हा टप्पा ज्यांचं अजून बंद झालेलं नाही त्यांच्यासाठी. रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे गावाकडं कुणी सांगतच नाही, उलट "मर्दासारखं एका दिवसात सोड" म्हणतात. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट यायची असेल तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, माणूस ओळख विसरतो. लोक याला बाहेरचं समजून देवऋषाकडं नेतात आणि तिथंच वेळ जातो. ही इमर्जन्सी आहे, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराच्या ओपीडीची चौकशी करा. त्याशिवाय मराठवाड्यात संभाजीनगरला घाटी दवाखाना, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजचा दवाखाना, नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी कॉलेज, लातूरचं सरकारी कॉलेज, इथं जाता येतं. कुठं जायचं तेच कळत नसेल तर १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खचलं असेल तर टेली मानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत.

सावध: जेवणात चोरून मिसळायची पावडर, "पिणाऱ्याला कळू न देता सोडवा" असल्या जाहिराती, यापासून लांब राहा. त्यात काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि ते डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध, ज्यावर दारू चालत नाही) निघालं तर वरून दारू पडल्यावर माणूस मरूही शकतो.

सेंटर निवडताना दोन गोष्टी विचारा: मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का, आणि डॉक्टर किती दिवसांनी येतात. माणसाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. जिथं मारतात-बांधतात तिथं माणूस ठेवू नका, कितीही स्वस्त असू दे.

टप्पा २. घरी यायच्या आधीच घर तयार ठेवा

हे काम घरच्यांचं, आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी संपलेलं पाहिजे. लपवलेल्या चपट्या शोधा. नेहमीच्या जागा सांगतो: कडब्याच्या गंजीत, मोटारीच्या पेटीमागं, गाडीच्या डिकीत, संडासच्या पत्र्यावर, गव्हाच्या कोठीत. पिणाऱ्यालाही कधी कधी त्या आठवत नाहीत आणि सहा महिन्यांनी कडबा काढताना हाताला लागतात, तेव्हा जवळ कुणी नसतं. रिकाम्या बाटल्यासुद्धा घरात ठेवू नका, पाणी भरायला पण नको.

फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा आणि चावी दुसऱ्याकडं असू द्या. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे मन फार खाली जातं, त्यात रात्री झोप नसते, त्यामुळे ही गोष्ट विसरायची नाही.

आता औषधाच्या डब्यातलं बघा. खोकल्याच्या काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं, होमिओपॅथीचे बरेच थेंब अल्कोहोलमध्येच बनतात, आणि द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट असली आसवं-अरिष्टं आंबवून केलेली असल्यामुळे त्यातही असतं. आई मायेनं दोन झाकणं द्राक्षासव देते आणि माणसाची जीभ जागी होते. ते सगळं काढून टाका.

तपासा: डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, पुढच्या तपासणीची तारीख आणि सेंटरचा फोन नंबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे का? ती पिशवी कुठं आहे ते घरात निदान दोघांना माहीत पाहिजे.

टप्पा ३. गोळ्या, झोप, जेवण

बऱ्याच जणांना डायसल्फिराम दिलेलं असतं. ती गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी पडतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती घेणाऱ्याला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या मर्जीने, डॉक्टरच्या सांगण्यावरूनच घ्यायची. लोक एक चूक हमखास करतात, लग्न आलं की दोन दिवस आधी गोळी बंद करतात. त्या गोळीचा असर बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. दुसरं, नाल्ट्रेक्सोन (तल्लफ कमी करणारी गोळी) चालू असेल तर दाढ काढायला गेलात तरी डॉक्टरला आधी सांगा, कारण ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या त्यासोबत चालत नाहीत.

गोळी सकाळी चहाच्या वेळेला, कुणासमोर तरी घ्या. पहारा म्हणून नाही. सकाळी एकदा घेतली की दिवसभराचा एक निर्णय होऊन जातो आणि संध्याकाळी स्वतःशीच वाद घालत बसावं लागत नाही.

झोपेचं मात्र हळूहळूच बसतं, काही आठवडे तर नक्की, काहींना महिनेही लागतात. इथं मोठा खड्डा आहे: मेडिकलवाला ओळखीचा असतो, तो अल्प्राझोलमची पट्टी देतो, माणूस म्हणतो दारू नाही ना, आणि तीन महिन्यांत त्या गोळीशिवाय झोप येईना होते. झोपेची गोळी लागलीच तर फक्त तुमच्या मानसोपचार डॉक्टरची चिठ्ठी.

जेवणाचं सोपं आहे. उपाशी राहायचं नाही. खिशात शेंगदाणे आणि गूळ ठेवा, गोड खायची इच्छा सुरुवातीला खूप होते आणि ती पुरवायला हरकत नाही, शुगर असेल तर डॉक्टरला विचारून. सोबत बी-वनची गोळी दिली असेल तर ताकदीची म्हणून बाजूला ठेवू नका, पिणाऱ्याच्या मेंदूला आणि नसांना तिची खरी गरज असते. उपास, सप्ताहातलं कडक पारायण, निर्जळी एकादशी हे पहिलं वर्ष राहू द्या, देव समजून घेतो.

टप्पा ४. संध्याकाळ बांधून घ्या

दिवसभर माणूस बरा असतो. साडेपाच-सहा वाजले, ऊन उतरलं, चौकात माणसं जमायला लागली की अंगात चुळबुळ सुरू होते. वर्षानुवर्षं त्याच वेळेला प्यायलेलं असतं, शरीराला घड्याळ कळतं. म्हणून सहा ते नऊ हे तीन तास रिकामे ठेवायचेच नाहीत, आणि काय करायचं ते सकाळीच ठरवायचं, संध्याकाळी ठरवायला गेलात की पाय आपोआप तिकडंच वळतात.

लातूरकडच्या मीटिंगमधल्या एका माणसाची संध्याकाळ सांगतो. सहाला म्हशीची धार तो स्वतः काढतो, आधी बायको काढायची. साडेसहाला डेअरीवर दूध घालायला जातो, पण देशीचं दुकान लागतं तो रस्ता सोडून मागच्या गल्लीनं, किलोमीटरभर लांब पडतं तरी. येताना लेकराला शिकवणीवरून घेतो. आठला जेवण, नंतर फोनवर मीटिंगमधल्या एकाशी बोलणं, साडेनऊला अंथरूण. यात कसली मोठी गोष्ट नाही, पण दूध घालायला कुणीतरी वाट बघतंय आणि लेकरू शिकवणीच्या दारात उभं आहे, त्यामुळे मध्ये थांबायला जागाच राहत नाही. तुमचंही असं लावा, दुसऱ्या कुणाचं तरी काम तुमच्या वेळेवर अवलंबून राहील असं.

पानटपरीचं वेगळं सांगतो कारण बऱ्याच जणांचं इथंच जातं. तंबाखूची पुडी घ्यायला जी टपरी आहे ती देशीच्या नाहीतर परमिट रूमच्या दाराला लागून असते. तंबाखूही सोडता आली तर उत्तमच, नाही जमलं तर निदान पुडी सकाळी दुसऱ्या दुकानातून घेऊन ठेवा. संध्याकाळी त्या टपरीवर उभं राहायचं नाही.

मीटिंग: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. पहिल्या तीन महिन्यांत जितक्या जमतील तितक्या करा. गावाजवळ नसेल तर आठवड्यातून एकदा तालुक्याला-जिल्ह्याला जा आणि मधल्या दिवशी फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगला बसा. तिथला एक जुना माणूस धरून ठेवा ज्याला रात्री अकरालाही फोन करता येईल. आपल्याकडं लोक नंबर घेतात पण फोन करायला लाजतात, म्हणून काही कारण नसताना रोज एकदा फोन करायची सवय लावा, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोटं अडखळत नाहीत.

टप्पा ५. पैसा: हातात किती, कधी, कुणासोबत

मराठवाड्यात पैसा दर महिन्याला येत नाही, एकदम येतो. सोयाबीन मोंढ्यावर घातलं की पट्टी (मालाचे पैसे), ऊसतोडीची उचल, पीक विमा, अनुदान, पीएम किसानचा २००० चा हप्ता. आणि पिणं परत सुरू होतं ते बहुतेक अशाच दिवशी. बघा कसं होतं: सकाळी टेम्पोत पोती टाकून दोघं-तिघं मोंढ्यावर जातात, लिलाव होईपर्यंत दुपार, पट्टी हातात पडायला चार वाजतात, पोटात सकाळचा चहा आणि दोन बटाटेवडे, पाय दुखतायत, भाव मनासारखा लागला नाही म्हणून डोकं तापलेलं, आणि सोबतचा म्हणतो चल जरा धाब्यावर बसू. भूक, थकवा, राग, पैसा, सोबत, सगळं एकाच टायमाला. तिथं मनाची ताकद दाखवायला जाऊ नका, तो दिवस आधीच बदलून टाका.

काय करायचं: माल घालायला जाताना घरचं माणूस सोबत न्या, भाऊ, बायको, मोठं लेकरू. डबा बरोबर न्या आणि दुपारी खा. आडत्याला सांगून रक्कम खात्यावरच घ्या, आणि ते खातं चालवणारा फोन पहिले सहा महिने बायकोकडं किंवा आईकडं. एटीएम कार्ड त्यांच्याकडंच. फोनवरून पैसे पाठवायचं अॅप काढून टाका, आता देशीच्या दुकानातही स्कॅनर लावलेला असतो. खिशात पेट्रोल-चहापुरते शंभर-दोनशे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी उचल नवरा-बायको दोघांनी मिळून मुकादमाकडून घ्यावी, कोयता दोघांचा असतो तर हिशोबही दोघांसमोर. फडावर अंग दुखतं म्हणून "एक नाइंटी मार, झोप लागंल" म्हणणारे भेटतातच, त्यासाठी दुखण्याची साधी गोळी आणि मलम डॉक्टरला विचारून आधीच बांधून न्या.

सावध: हा बंदोबस्त माणसाला लहान करण्यासाठी नाही आणि घरच्यांनी तो टोमण्यासारखा वापरायचा नाही. "दे चावी, तुझा भरवसा नाही" असं चारचौघांत म्हणाल तर त्याच दिवशी पिऊन येईल. किती महिने हे चालणार ते आधी बसून ठरवा, कागदावर लिहा.

जुन्या उधाऱ्या? यादी करा, सगळ्यांना फोनवर सांगा की देणार आहे पण हप्त्याने. देशीच्या दुकानाची उधारी असेल तर ती दुसऱ्याच्या हाताने पाठवा. स्वतः जाऊन देण्यात कसली इज्जत नाही.

टप्पा ६. तल्लफ आली तर

तल्लफ चढते, टोकाला जाते आणि उतरते, प्यायलं नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात जोर कमी होतो. पण त्या वेळेला असं वाटतं की आता हे पिईपर्यंत जाणारच नाही. म्हणून आधी हे करा: उठा आणि जागा बदला. मग पाणी, मग काहीतरी पोटभर खाणं. मग फोन. मोबाईलवर अर्ध्या तासाचा टायमर लावा आणि स्वतःला सांगा की टायमर वाजेपर्यंत नाही. वाजल्यावर परत बघू.

नंतर शांत झाल्यावर विचारा: भूक होती? राग होता? एकटा होतो? थकलो होतो? या चारातलं एक तरी निघतंच, आणि तेच दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचं.

"फक्त बिअर", "फक्त शिंदी", होळीला "फक्त भांग" हे तल्लफेचंच बोलणं आहे. तेलंगणाच्या सीमेकडच्या लोकांना शिंदी म्हणजे दारू वाटतच नाही, सकाळची ताजी थंड असते म्हणतात. ज्याचं एकदा सुटलेलं आहे त्याला तीही चालत नाही.

टप्पा ७. नाही म्हणायचं वाक्य पाठ करा

लंबी कारणं देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते खोडतो, पोट दुखतंय म्हटलं की "घेतल्यावर बरं वाटंल". एकच वाक्य, आवाज न चढवता: "मी बंद केलंय, मला नको." परत म्हणाला तर परत तेच वाक्य. तिसऱ्यांदा म्हणाला तर उठायचं.

"मह्या लग्नात नाही म्हणतो व्हय?" हे ऐकायची तयारी ठेवा. यावर: "तुह्या लग्नात आलो ना, जेवतो की पोटभर." आणि ताट घ्यायचं.

माळ घालण्याबद्दल लोक विचारतात. माळकरी माणसाला आपल्याकडं कुणी आग्रह करत नाही, एकादशीला टाळ-मृदंगात संध्याकाळ जाते, हा मोठा आधार आहे आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर घालावी. पण गोळ्या-मीटिंग सोडून नुसती माळ, नाहीतर लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, यावर सगळं टाकू नका. शपथ मोडली की माणसाला इतकी लाज वाटते की तो मदत मागायलाच येत नाही, ते जास्त वाईट.

टप्पा ८. लग्न, कंदुरी, पोळा, इलेक्शन

पहिले तीन महिने: वरातीत जायचं नाही, कंदुरीला नाही, थर्टी फर्स्टला घर. जवळच्या नात्यातलं लग्न टाळता येत नसेल तर अक्षता, जेवण आणि परत. हळदीची रात्र नाही. लग्नात पिणं मांडवात होत नाही, मांडवामागं उभ्या केलेल्या जीपजवळ होतं, हे सगळ्यांना माहीत आहे, तर "जरा इकडं ये" म्हणून कुणी हात धरला की कुठं नेतोय ते ओळखा.

जाताना स्वतःची गाडी किंवा परतीची सोय पाहिजेच, दुसऱ्याच्या गाडीत गेलात की त्याचं संपेपर्यंत बसावं लागतं. घरून खाऊन निघा. ग्लास स्वतः भरा, हातातला खाली ठेवून गेला असाल तर परत उचलू नका. सोबत एक माहीतगार माणूस, ज्याला नुसतं "चल" म्हटलं की तो उठेल.

पोळ्याला बैल मिरवून झाले की संध्याकाळ मोकळी सापडते, तीच आधी भरून ठेवा. येळवस (वेळा अमावस्येचा शेतातला सण) तुलनेनं सोपी, शेतात बायका-लेकरं असतात, आंबील-भज्जी खाऊन दुपारी सगळ्यांसोबत परत या, "तुम्ही व्हा पुढं, मी आवरून येतो" म्हणून मागं थांबायचं नाही.

ग्रामपंचायतीचं इलेक्शन मात्र सगळ्यात अवघड, कारण पंधरा-वीस दिवस रोज धाबा फुकट असतो आणि नाही गेलं तर "हा त्या पार्टीचा" असा शिक्का बसतो. जमत असेल तर ते दिवस बहिणीकडं नाहीतर पुण्याला भावाकडं काढा आणि मतदानाला या. नाही जमलं तर दोन्ही पॅनलच्या माणसांना दिवसाउजेडी घरी चहाला बोलवून सांगा की मी रात्री कुठं येत नाही.

टप्पा ९. परत घेतली गेली तर

याचं आधीच ठरलेलं पाहिजे, कारण झाल्यावर कुणाचं डोकं चालत नाही. एकदा घेतली म्हणजे सगळं संपलं असं समजून लोक पुढं आठ दिवस पितात, नुकसान त्या आठ दिवसांत होतं. आणि आधी जेवढी पचत होती तेवढी आता शरीराला झेपत नाही, हे लक्षात ठेवा.

पहिलं काम, उरलेली ओतून द्या आणि त्या जागेवरून उठा. गाडी चालवू नका. मीटिंगच्या माणसाला त्याच रात्री फोन, सकाळची वाट बघू नका. डायसल्फिराम चालू असेल तर त्रास व्हायच्या आधीच दवाखान्यात जा, गोळी आणि दारू दोन्हीचं खरं सांगा, आणि डॉक्टर म्हणेपर्यंत पुढची गोळी घेऊ नका. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर परत घरी एकदम बंद करू नका, टप्पा १ वाचा.

घरच्यांनी त्या रात्री भांडायचं नाही, समजावायचं पण नाही, पिलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. कुशीवर झोपवा, जवळ कुणीतरी राहा. श्वास फार हळू झाला, हलवूनही जाग येईना, तर १०८. मारायला उठला तर बायका-लेकरांनी शेजारी निघून जायचं, सहन करत थांबायचं नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, त्याच्या पोटात काही गेल्यावर, आणि प्रश्न एकच: काल दुपारपासून काय काय झालं ते क्रमाने सांग. त्यातून कोणता टप्पा सुटला होता ते कळतं. तो दुरुस्त करायचा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर किंवा सेंटरची तारीख घ्यायची. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, तिथं बायकोनं, आईनं जावं, तो येवो न येवो.